फळीवरचं पुलगाव

पुलगावच्या बाजारओळीत ताराचंद यांचं किराण्याचं दुकान होतं. दुकानामागच्या पोत्यांच्या खोलीत, सागवानी फळ्या जोडून, त्यांनी दुसरं पुलगाव उभं केलं होतं. सुरुवात एका इंजिनापासून झाली. कापडगिरणीतले एक साहेब नोकरी सोडून मुंबईला निघाले, तेव्हा विजेवर चालणारी हातभर आगगाडी आणि तिचे रूळ ताराचंदना देऊन गेले. नुसती गोल गोल फिरणारी गाडी लवकरच कंटाळवाणी झाली. मग त्यांच्या मनात आलं, हिला जायला गाव पाहिजे.

ते गाव वर्षानुवर्षं वाढत गेलं. रद्दी भिजवून, कांडून, मेथीचं पीठ घालून केलेल्या टेकड्या. बाभळीच्या बारीक काड्यांना हिरवा भुसा चिकटवून केलेली झाडं. रुळांखाली चाळलेला मुरूम. वर्धा नदीसाठी काच, आणि काचेखाली मातकट रंग, कारण नदी निळी नसतेच असं ताराचंदचं म्हणणं. त्यांना सगळं खऱ्यासारखं लागे. आर्वीच्या छोट्या लाइनवरच्या रोहणा स्टेशनाचं छप्पर जमेना, तेव्हा ते दुकान बंद ठेवून रोहण्याला जाऊन आले होते. माणसं मात्र त्यांची बायको सुमित्राबाई करायच्या. हरभऱ्याएवढी, मातीची, धुणं धुणाऱ्या बाया, कापसाच्या गाड्या हाकणारे, फलाटावर झोपलेला एक म्हातारा.

आणीबाणीचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. शिमगा नुकताच झाला होता. शेजारचे भैय्याजी साखर घ्यायला आले आणि सहज आतल्या खोलीत डोकावले. वॉर्डात सत्ताधारी पक्षाचं काम तेच बघत.

“वा शेठ, हुबेहूब हाय,” ते म्हणाले. नदीवरचा रेल्वेचा पूल पाहिला, स्टेशन पाहिलं. मग त्यांचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं. तिथं रुळांचा एक फाटा काडेपेटीच्या शेडपाशी जाऊन संपत होता. “हे काय?”

“लष्कराच्या डेपोची साइडिंग. गाडीतून दिसते तशी.”

“अन् हा बंदूकवाला?”

“पहारेकरी. हिनं केला.”

भैय्याजी हसले नाहीत. “दारूगोळ्याचा डेपो घरात मांडून ठेवला, शेठ? अन् हा पूल? दिवाळीत तुम्ही दोरी घेऊन पुलाचे मापं घेऊन राह्यले होते, लोकाइनं पाह्यलं ते. दिवस कसे हायेत, मालूम हाय ना?”

सुमित्राबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

भैय्याजी चहा न घेताच गेले. साखरही विसरले.

समोरच्या घरातल्या अण्णाजी मास्तरांना मागच्या श्रावणात पोलिसांनी नेलं होतं. दोन शिपाई आले, “साहेबांनी बोलावलं” म्हणाले, आणि मास्तर चपला घालून त्यांच्याबरोबर चालू लागले. ते नागपूरच्या जेलात आहेत हे त्यांच्या बायकोला, प्रमिलाबाईंना, दिवाळीपर्यंत कळलं नव्हतं. त्या घरासमोरून जाताना ओळीतले लोक आता दुसऱ्या बाजूनं जात. सुमित्राबाईही जात.

“भैय्याजीनं कोणाले सांगतलं त?” त्यांनी विचारलं.

“कायले सांगन? रोजचं येणंजाणं हाय.”

“मास्तराचं कोणासंग नव्हतं?”

ताराचंद जेवणाच्या ताटावरून उठले आणि खोलीला कुलूप लावून आले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि करवत काढली. डेपोचा कोपरा कापून काढायचा होता. सागवान कडक, करवतीचा आवाज अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं वाटत होतं. सुमित्राबाईंनी आवाज झाकायला मागच्या अंगणात खलबत्त्यात मिरच्या कुटायला घेतल्या. एवढ्यात दारावर थाप पडली. दोघांचेही हात जागीच थांबले.

“शेठ, दुकान काऊन बंद? तब्येत बरी नाई का?” नत्थू हमालाचा आवाज होता.

“बरी नाई,” ताराचंद आतून ओरडले. नत्थू गेला. पण आता सगळ्या बाजाराला कळणार होतं की शेठनं भरदिवसा दुकान बंद केलं.

कापलेला तुकडा चुलीत घातला तर लगदा जळेना, नुसता धूर. शेवटी सुमित्राबाईंनी तो घमेल्यात घालून मागच्या उकिरड्यात पुरला. पहारेकऱ्याचा चुरा मात्र त्यांच्या हातून होईना. त्याची टोपी करताना त्यांना दुपारभर बसावं लागलं होतं. त्यांनी तो कुंकवाच्या डबीत ठेवला.

आणि मग त्याच दिवशी पोलीस आले.

फौजदार तरुण होता, आवाज न चढवता बोलणारा. दोन शिपाई दाराशी थांबले. त्यानं फळीभोवती एक फेरी मारली. पुलाच्या कमानी बोटानं मोजल्या. वाकून स्टेशन पाहिलं. मग तो कोपऱ्याशी येऊन उभा राहिला. तिथं रूळ फळीच्या कडेला येऊन तुटले होते आणि खाली ताजा भुसा पडला होता.

“इथं काय होतं?”

“टेकडी,” ताराचंद म्हणाले.

“तळं,” सुमित्राबाई त्याच क्षणी म्हणाल्या.

फौजदारानं एकदा ताराचंदकडे पाहिलं, एकदा सुमित्राबाईंकडे. “चला शेठजी,” तो म्हणाला. “ठाण्यावर बोलू.”

ताराचंद चपला शोधायला लागले. त्या समोरच होत्या, तरी त्यांना दिसेनात. सुमित्राबाईंनी त्या पायांपुढे सरकवल्या. मास्तरही असेच चपला घालून गेले होते, हे दोघांच्याही मनात आलं असणार.

संध्याकाळ झाली तरी ते परतले नाहीत. भैय्याजींचं दार बंद होतं. आत माणसं बोलत होती, पण सुमित्राबाईंनी कडी वाजवली तेव्हा बोलणं थांबलं. कोणी उघडलं नाही. त्या परत येऊन ओट्यावर बसल्या. ‘तळं’ हा शब्द त्या पुन्हा पुन्हा मनात उगाळत होत्या. आपण गप्प राहिलो असतो तर?

रस्ता ओलांडून प्रमिलाबाई आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या कोणाच्या ओट्यावर चढत होत्या.

“मास्तराइले नेलं तवा मी घरातच बसली,” त्या म्हणाल्या. “वाटलं, काही बोलली त वाढन. दुसऱ्या दिवशी गेली त त्यायले वर्ध्याले नेलं होतं. तुम्ही बसू नका. आताच जा, खरं काय ते सांगजा.”

“खरं सांगतलं अन् मलेच धरलं त?”

“धरतीनही. मी येतो संग.”

सुमित्राबाईंनी उकिरडा हातानं उकरला. तुकडा ओला झाला होता, त्याला शेण लागलं होतं, काडेपेटीची शेड चेपली होती. पिशवीत तो घातला, कुंकवाची डबी घेतली आणि दोघी ठाण्यावर गेल्या.

ताराचंद भिंतीशी बाकावर बसले होते. मारलं नव्हतं, पण चेहरा असा झाला होता की सुमित्राबाईंना क्षणभर ओळख पटली नाही. त्यांनी पिशवी सरळ टेबलावर उपडी केली.

“साहेब, हे होतं तिथी. डेपो. भेवानं कापलं, भेवानंच खोटं बोललो.” डबी उघडून त्यांनी पहारेकरी पुढे ठेवला. “हा मी केला. यायचा काही दोष नाई.”

फौजदारानं पहारेकरी तळहातावर घेतला. “डेपोच्या आत कधी गेला होता तुम्ही?” त्यानं ताराचंदना विचारलं.

“नाई साहेब. गाडीतून जेवढं दिसते तेवढंच. आत काय हाय ते मालूम असतं त शेड रिकामी काऊन ठेवली असती?”

त्यानं चेपलेली शेड नखानं उघडली. आत काहीच नव्हतं.

प्रमिलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मग त्यानं शिपायाला कागद आणायला सांगितलं. त्या दिवशी ताराचंदना सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. दर सोमवारी हजेरी लावायची, गाव सोडायचं नाही. पूल, इंजिन आणि तो तुकडा जप्त झाला.

ताराचंद दर सोमवारी जात. रविवारी त्यांना जेवण जात नसे. हजेरी देऊन घरी आले की ते अंघोळ करत आणि मग दुकान उघडत. रात्री कोणी मोठ्यानं हाक मारली तरी उठून बसत. भैय्याजींकडे पुन्हा साखर जाऊ लागली. तेव्हा बातमी कोणी दिली, हे कधीच कळलं नाही. आणि कळलं नाही म्हणून सुमित्राबाईंना सगळ्यांचीच भीती वाटत राहिली.

निवडणुका झाल्या, सरकार बदललं, अण्णाजी मास्तर घरी आले. हजेरी थांबली. जप्त सामान परत मिळतं असं लोक म्हणाले. ताराचंद मागायला गेले नाहीत. पुढं कितीतरी दिवसांनी नागपूरहून त्यांनी दुसरं इंजिन आणलं आणि फळीवर पुन्हा काम सुरू केलं. यावेळी ते कुठंही पाहायला गेले नाहीत. टेकड्या मनानं केल्या, झाडं ओळखू न येणारी केली. नदी केलीच नाही.

मास्तर एकदा बघायला आले. “शेठ, हे कोणतं स्टेशन?”

“कोणतंच नाई.”

फलाटावरची नावाची पाटी पिवळी, कोरी होती. मास्तर गेल्यावर सुमित्राबाई म्हणाल्या, “अवो, काहीतरी नाव टाका. गावाले नाव नाई असं कुठी असते का?”

ताराचंदनी बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला. पाटीशी नेला. एक काना ओढला, आणि थांबले. मग फडक्यानं तो काना पुसला. त्या जागी डाग राहिला, म्हणून त्यांनी पाटीवर पुन्हा पिवळा रंग दिला आणि ती वाळेपर्यंत तिथंच बसून राहिले.