ऐच्छिक पानं

माधवनगरातल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासच्या सहाही मशीनांवर मधुकरसरांनी लिनक्स ही नवी संगणकप्रणाली चढवली ती १९९९च्या उन्हाळ्यात. हार्ड डिस्कवर जागा जेमतेम. कुठली पॅकेजं घ्यायची आणि कुठली सोडायची याची यादी पडद्यावर आली, तेव्हा सरांनी खेळ ठेवले आणि कुठली आज्ञा कशी वापरायची ते सांगणाऱ्या माहितीच्या पानांपुढची खूण काढून टाकली. ती पानं ऐच्छिकच होती, आणि वाचतंय कोण? पोरं विचारतात, सर सांगतात. खरं सांगायचं तर, कुणी विचारलं की सरांना फार बरं वाटायचं.

क्लासातल्या विनोदिनीला मात्र ऐकू येत नसे. तिशीची ही बाई चिठ्ठीवर प्रश्न लिहायची, सर खाली उत्तर लिहायचे. दिवसाला दहा-दहा चिठ्ठ्या व्हायच्या. जुलैपासून एका कॉलेजच्या लॅबमध्ये तिला नोकरी मिळण्यासारखी होती, पण तिथली मशीनं एकटीनं सांभाळायची होती. एक दिवस तिनं माहितीची पानं मागितली. सरांना जरा लागलंच. ‘मी आहे ना, मला विचारत जा,’ त्यांनी लिहिलं.

‘तिथे तुम्ही नसाल, सर,’ तिनं खाली लिहिलं.

सरांनी चार नंबरच्या मशीनवरचे खेळ काढले, सीडी घातली आणि ती पानं चढवली. पोरांनी कुरकुर केली, तिकडे काणाडोळा केला.

मग चिठ्ठ्या आटल्या. विनोदिनी वाचायची, करून बघायची, पुन्हा वाचायची. सरांना चुकल्याचुकल्यासारखं होई. शुक्रवारी एकदाची चिठ्ठी आली, तेव्हा ते लगबगीनं उठले.

‘सर, काम झालं की सरळ बटण बंद करा, असं तुम्ही शिकवलंत. इथे लिहिलंय की आधी मशीनला बंद व्हायची आज्ञा द्यायची, नाहीतर फायली बिघडतात. सकाळी मशीनं रखडतात ती यामुळेच असतील. मुलांना तुम्ही सांगाल ना?’

जुन्या डॉस प्रणालीत थेट बटण बंद केलेलं चालायचं, ती सवय! आणि महिनाभर सर विजेच्या नावानं खडे फोडत होते. त्यांचे कान लाल झाले. पण ही बाई तिथे एकटी निभावून नेणार, हेही त्यांना लख्ख कळलं, आणि ऊर भरून आला.

"सुनो, मैंने तुमको गलत सिखाया था," ते पोरांना त्यांच्या हिंदीत म्हणाले. "मशीन कैसे बंद करते हैं, ये विनोदिनी मैडम बोर्ड पे लिखके बताएँगी।"

त्यांनी तिच्या हातात खडू दिला आणि स्वतः वही घेऊन पोरांमध्ये जाऊन बसले.