घेणाऱ्याचं नाव

"आंघोळ केल्याशिवाय सही करूची नाय," असं म्हणून महादेवकाका टॉवेल घेऊन गेले ते गेलेच. इकडे आखातात, सुलैबियातल्या त्यांच्या खोलीत प्रज्वलचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. हातात करार, खिशात फोन. फोनवर पुण्याचं गिऱ्हाईक सारखं विचारत होतं, "झालं का?"

प्रज्वल तेवीस वर्षांचा, तिथल्याच मंगफ भागात एसी दुरुस्तीच्या कंपनीत कामाला. भर उन्हात गच्चीवरचा पाना हातात धरवत नाही, आणि जन्मभर हेच करायचं नाही, असं त्याने पहिल्याच उन्हाळ्यात ठरवलं. मग फोनवरच्या व्हिडिओंनी त्याला नवा धंदा शिकवला. एखाद्याचं घर स्वस्तात घेण्याचा करार करायचा आणि घर आपण न घेता तो करारच चढ्या भावाने दुसऱ्याला द्यायचा. मधला फरक आपला. भांडवल नको, फक्त जीभ हवी. त्याच्या खोलीत राहणारा साबीर हसला होता. "तुझी सोताची खाट कंपनीची, आन् तू घरां विकतोस?" ते प्रज्वलला चांगलंच झोंबलं होतं.

पहिलं घर मिळालं ते महादेवकाकांचं. काका सुतार, प्रज्वलच्या शेजारच्या गावचे. मूलबाळ नाही, आणि नर्मदाकाकी गेल्यापासून गावच्या घराला कुलूप. प्रज्वलने अगदी पडका भाव सांगितला, तरी त्यांनी घासाघीस केली नाही. आपली जीभ कामाला आली, असं त्याला वाटलं. करारात लिहिलं होतं, घेणार प्रज्वल किंवा तो सांगेल ती व्यक्ती. काकांनी ते वाचलं नव्हतं. प्रज्वलनेही वाचून दाखवलं नव्हतं.

काका आले. फळीवरच्या देवापुढे त्यांनी नारळ ठेवला. "उभो रव. घर देवच्या आदी गाऱ्हाणा घालूक व्हया."

"काका, आदी सही केल्यात तर..."

"सही खंय पळान जाता?"

गाऱ्हाण्याची रीत प्रज्वलला ठाऊक होती. एकाने देवाला हाक मारून मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. इथे बाकीचे म्हणजे तो एकटाच.

"बा देवा म्हाराजा! तुझा लेकरू आज परमुलखातसून तुका हाक मारता."

"व्हय म्हाराजा."

"नर्मदा गेली, घर बंद पडला. आता ह्यो प्रज्वल तां घर घेता. भाव मी बघूक नाय, घरात दिवो लागात म्हणान दिलंय. ह्येचा लगीन होवंदे, पोरां अंगणात खेळांदे..."

काका डोळे मिटून थांबले. प्रज्वलचं तोंड उघडलं, पण महिनाभर पाजळलेली जीभ हलेना. फोन पुन्हा थरथरला. तो काही फार देवभोळा नव्हता. पण त्या अंगणात खेळणारी आपली पोरं त्याला दिसली, आणि तिथेच पुण्याच्या साहेबांचा जेसीबीही दिसला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काका, घर मी घेणय नाय."

"मगे?"

"पुण्याचो एक साहेब घेता. घर पाडून रिसॉर्ट बांधतलो. मी नुसतो मदी."

काकांनी डोळे उघडले नाहीत. "नाव काय तेचा? देवाक सांगूक व्हया."

प्रज्वलने फोन काढून पाहिला. त्याने तो नंबर 'पुणे बायर' म्हणून ठेवला होता. खरं नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं.

काकांनी त्याच्या हातातला करार घेतला, नीट घडी केली आणि सही न करताच त्याच्या खिशात घातला. प्रज्वल दाराकडे वळला. पहिला सौदा गेला होता, आणि आता काकांच्या तोंडाकडे बघायचीही सोय नव्हती.

"खंय चललंस? सुरू केलला गाऱ्हाणा मदी सोडूचा नसता."

तो परत येऊन उभा राहिला. काकांनी पुन्हा हात जोडले. 

"बा देवा म्हाराजा, घर माझ्याकडेच रवला. बंद तर बंद. पण ह्यो पोर तुझ्यासमोर खोटा बोलूक नाय. ह्येका पोटापाण्याचा कायतरी बरा मिळांदे..."

काका थांबले. उत्तर द्यायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"व्हय म्हाराजा," प्रज्वल म्हणाला, पण इतक्या हळू की काकांनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.