मोठ्या अक्षरांचं बायबल

वासंती उबाळेचं वय पोरीबाळींचा मत्सर करण्याचं राहिलं नव्हतं. हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचे गुडघेच रोज सकाळी सांगत. तरीसुद्धा मृणाल हिवाळे हे नाव घरात निघालं, की तिच्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरातच आपटायचं.

सूर्यकांत उबाळे केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, तसं दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि नवरा-बायको गाझियाबादला, वैशालीतल्या एका सोसायटीत राहायला आले. तेव्हा वैशालीत इमारती आधी उगवत होत्या आणि रस्ते मागाहून येत होते. वीज गेली की खाली जनरेटर धडधडायला लागायचा. मुलगा उन्मेष बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दिल्लीत वाढलेला, मराठी बोलायचा झकास, पण मराठी बायबलचं पान समोर ठेवलं तर दुसऱ्याच ओळीत ठेचकाळायचा.

घरात एक रीत मात्र क्वार्टरमधून फ्लॅटमध्ये जशीच्या तशी आली होती, ती संध्याकाळच्या उपासनेची. स्वयंपाक झाला की वासंती हात पुसून बसायची आणि शास्त्रपाठ वाचायची. सूर्यकांत डोळे मिटून ऐकायचे. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. दिवसभर फायली वाचून आलेला माणूस म्हणायचा, “माझे डोळे सरकारचे, तुझे घरचे. चलो, सुरू कर.” बाईनंही मग मनापासून वाचावं. तिची आई अहमदनगर जिल्ह्यात बायबलबाई होती. गावोगावच्या अंगणात बसून बायकांना वचनं वाचून दाखवायची. तो आवाज लेकीच्या गळ्यात उतरला होता. महिन्यातून एकदा दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मंडळी उपासनेला कुणाच्या तरी घरी जमायची, तिथेही पाठ वासंतीनंच वाचायचा. पाळकसाहेब आले आणि बदलून गेले, वाचणारी कधी बदलली नाही. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

मग पुण्याहून मृणाल आली. नॉयडाला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात नोकरी, राहायला शेजारच्याच सोसायटीत. तिचे वडील पुण्यात पाळक होऊ घातलेल्या मुलांना हिब्रू आणि ग्रीक शिकवायचे. इतर मुली भातुकली खेळतात त्या वयात हिनं ती अक्षरं गिरवली होती. पहिल्यांदा मंडळीला आली ती उबाळ्यांच्याच घरी. वासंतीनं पाठ वाचला, नेहमीसारखा छान वाचला. सगळे आमेन म्हणाले. आणि ही पोरगी हळूच, अगदी नम्रपणे म्हणाली की मूळ भाषेत या जागी जरा वेगळा शब्द आहे, त्यानं अर्थ आणखी उघडतो. झालं. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सूर्यकांतांनी तर खाडकन डोळे उघडले आणि पुढे सरकून बसले. वासंतीच्या वाचनात एवढ्या वर्षांत ते कधी पुढे सरकून बसले नव्हते.

त्या दिवसापासून जेवताना वरणाबरोबर “मृणाल म्हणते” वाढलं जाऊ लागलं. मृणाल म्हणते, मराठीत प्रीती हा एकच शब्द आहे, ग्रीकमध्ये तीनचार आहेत. वासंतीच्या मनात आलं, असतील बाई. आमच्या मराठीत हेवा आहे, मत्सर आहे, असूया आहे, जळफळाट आहे, त्याचं काही आम्हाला कमी नाही. पण ती एवढंच म्हणाली, की भाजी संपवा.

उन्हाळा लागता लागता सूर्यकांतांनी मनसुबा जाहीर केला. त्यांना इंटरलिनिअर बायबल घ्यायचं होतं. म्हणजे वरच्या ओळीत मूळ हिब्रू किंवा ग्रीक, आणि प्रत्येक शब्दाच्या बरोबर खाली त्याचा इंग्रजी अर्थ, असा ग्रंथ. काश्मिरी गेटजवळ ख्रिस्ती पुस्तकांचं एक जुनं दुकान होतं, तिथे मिळेल अशी बातमी होती. त्यांना स्वतःला जाणं शक्य नव्हतं. डोळ्यांत काचबिंदू, दिवसातून तीनदा थेंब, आणि बाहेर उन्हाळी वाऱ्याची लू सुटलेली. “तूच जा,” ते म्हणाले. “हातात धर, दोन पानं वाचून बघ, आणि तुला पटेल ते आण.”

काय बघून घ्यायचं हे मृणालनं फोनवर सांगितलं. दुपारची वेळ होती, सूर्यकांत झोपले होते, म्हणून फोन वासंतीनं घेतला. हिब्रू आणि ग्रीक एकाच ग्रंथात असेल तर उत्तम, मृणाल सांगत होती. काहींत शब्दाच्या डोक्यावर नंबर असतो, त्यावरून मागच्या कोशात तो शब्द काढता येतो. ते नंबर असलेलंच घ्या. “पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काकू, अक्षर मोठं हवं. ते बिल्कुल विसरू नका.”

वासंतीनं फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसली. मोठं अक्षर कशाला, हे न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. म्हणजे आता आपले साहेब स्वतः वाचणार. वर ग्रीक, खाली इंग्रजी, आणि अडलं तर शेजारी मृणाल. घरच्या डोळ्यांची गरज संपली. एवढ्या वर्षांची तिची बैठक ही कालची पोर उचलून गच्चीवर टाकणार होती, आणि वर तिच्याच हातानं ग्रंथ आणायला लावत होती. तिला इतका राग आला, की तिनं त्या दिवशी कणीक वाजवीपेक्षा दुप्पट मळली.

दुकानातला म्हातारा केरळचा होता. ‘उबाळे’ म्हणताच त्यानं काउंटरवर तीन ग्रंथ मांडले. एकात नुसता ग्रीक नवा करार. दुसरा हातात मावेल असा आटोपशीर, दोन्ही करार, पण अक्षर मुंगीएवढं. तिसरा उशीएवढा जाड. म्हाताऱ्यानं तिसराच पुढे सरकवला. “मैडम, यह आपके लिए रखा है.”

दुकानदार असंच म्हणतात, असं समजून वासंतीनं तो उघडला. अक्षरं कशी टपोरी होती. पर्समधला चष्मा काढायचीही गरज पडली नाही. हिब्रूच्या बाजूला ओळ उजवीकडून डावीकडे जात होती आणि खालचं इंग्रजीही तिच्यामागून उलटं चाललं होतं. गंमत वाटून तिनं एक ओळ बोट ठेवून वाचलीसुद्धा. वाचताना क्षणभर बरं वाटलं. मग डोळ्यांसमोर आलं, की याच पानावर सूर्यकांतांचं बोट फिरतंय, शेजारी मृणाल मान डोलावतेय, आणि आपण आत चहा गाळतोय. तिनं ग्रंथ मिटला आणि बारीक अक्षराच्या ग्रंथावर हात ठेवला.

म्हातारा काहीतरी सांगायला लागला, तर ती म्हणाली, “मुझे यही चाहिए.”

घरी येऊन तिनं सरळ थाप मारली. मोठ्या अक्षरांचं संपलं होतं, म्हणाली. सूर्यकांतांनी ग्रंथ हातात घेतला, उलटसुलट केला, पानांवरून अंगठा फिरवला. तू वाचून पाहिलंस का, त्यांनी विचारलं. पाहिलं, ठीक आहे, ती म्हणाली. ते नुसतं “अच्छा” म्हणाले. चिडचिड नाही, तक्रार नाही. वासंतीला वाटलं, आपण जिंकलो.

कसलं जिंकतेय. चार दिवस सूर्यकांत बाल्कनीत भिंग घेऊन बसले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा भिंग खाली ठेवलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. मृणाल ऑफिसमधून परत जाताना डोकावली, तिनं ग्रंथ पाहिला, एकदा वासंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, “काका, मी वाचून दाखवू का?”

आता ती आठवड्यातून दोनतीन संध्याकाळी यायला लागली. नेमकी उपासनेच्या वेळी. तिनं ग्रीक ओळ वाचायची, मग खालचं इंग्रजी, मग मराठीत समजावायचं. मुलगी वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. येताना काकूंसाठी मोगऱ्याचा गजरा आणायची, कप स्वतः विसळून ठेवायची. वाईट असती तर वासंतीला तिचा सरळसरळ राग तरी करता आला असता. आणि ज्या दिवशी मृणाल यायची नाही, त्या दिवशी वासंती मराठी बायबल घेऊन बसली, की सूर्यकांत म्हणायचे, “आज राहू दे. तूही दमली असशील.” असं ते पूर्वी कधी म्हणाले नव्हते.

एका संध्याकाळी चहा घेऊन बाहेर येताना तिनं पाहिलं. मृणाल वाचत होती आणि सूर्यकांत डोळे मिटून ऐकत होते. पुढे सरकून नाही, चर्चा करत नाही. मान किंचित कलती, हात मांडीवर सैल. हे ऐकणं तिचं होतं. या माणसाचं सगळं जग त्याच्या ऑफिसानं घेतलं होतं, मुलानं घेतलं होतं, आणि तिच्या वाट्याला रोजचं हे एवढंच आलं होतं. तेही गेलं. तिला रडू आलं नाही. तिला त्या मुलीच्या हातातून ग्रंथ हिसकावून घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सूर्यकांत दुपारचे झोपले असताना तिनं बारीक अक्षराचा ग्रंथ पिशवीत घातला आणि बस पकडली. हिशेब सोपा होता. मोठ्या अक्षराचं बदलून आणायचं. मग साहेबांनी आपलं आपण वाचावं. मी वाचणार नसेन, तर मृणालनंही वाचू नये.

केरळच्या म्हाताऱ्यानं तिला ओळखलं. पिशवीतून ग्रंथ निघालेला पाहताच तो हसला. “मैं उस दिन बोलने ही वाला था, मैडम. साहब ने पहले से फ़ोन किया था. बोले, बड़े अक्षर वाला अलग रखना, मेरी मिसेज़ आएँगी, पढ़ना उन्हीं को है.”

वासंतीला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी गफलत होतेय. साहेबांना वाचायचंय, ती म्हणाली, त्यांचे डोळे अधू आहेत म्हणून मोठं अक्षर.

“नहीं, नहीं. मैंने भी यही पूछा था. बोले, डॉक्टर ने जवाब दे दिया है, साल भर में छोटा-बड़ा सब बराबर हो जाएगा. एक लड़की मिसेज़ को सिखा देगी, फिर वही मुझे सुनाएँगी.” म्हाताऱ्यानं जाड ग्रंथ खाली घेऊन फडक्यानं पुसला. “उस शाम फिर फ़ोन आया था. पूछा, बड़ा वाला बिक गया क्या? मैंने कहा, नहीं साहब, यहीं रखा है. मैडम को पसंद नहीं आया.”

तो ग्रंथ मांडीवर घेऊन वासंती बसमध्ये खिडकीशी बसली. यमुनेचा पूल कधी गेला, तिला कळलं नाही. तिला माहीत होतं की काचबिंदू आहे, थेंब घातले की आवरतो. डॉक्टरांकडे ती दर वेळी जायची, पण आत सूर्यकांत बसायचे आणि ती औषधाच्या दुकानात रांगेत उभी असायची. नजर जाणार हे तेव्हाच कधीतरी डॉक्टर बोलले असणार. म्हणजे तिनं थाप मारली त्याच संध्याकाळी त्यांना ती थाप आहे हे कळलं होतं. एवढे दिवस ते गप्प राहिले होते.

घरी पोहोचली तर मृणाल आलेली, आणि दोघं ग्रंथ कुठे गेला म्हणून शोधत होते. वासंतीनं चपलाही काढल्या नाहीत. जाड ग्रंथ तिनं सूर्यकांतांच्या मांडीवर ठेवला.

“हा त्या दिवशीही दुकानात होता. मी मुद्दाम आणला नाही.”

“माहीत आहे,” सूर्यकांत म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? तुला आधीच सांगितलं असतं, तर दया येऊन हो म्हणाली असतीस. म्हटलं, घरात वाचायचं हिनंच, हे हिला ठाऊकच आहे; दुकानात बघू दे, मनात असेल तर मोठ्या अक्षराचं आणेल. तू बारीक आणलंस. मला वाटलं, जन्मभर वाचून तुला वीट आलाय. यापुढे आंधळ्याला वाचून दाखवायचं तुझ्या जिवावर आलंय. त्यात तुझं काही चुकलं असंही मला वाटलं नाही.”

ती हेव्यानं जळत होती, आणि हा माणूस तिनं आपल्याला सोडलं असं समजून मुकाट बसला होता. मग एकदम तिच्या ध्यानात आलं. मोठं अक्षर हवं, हे बिल्कुल विसरू नका.

“डॉक्टर काय म्हणाले, ते हिला ठाऊक होतं?”

मृणालनं मान खाली घातली.

“हिला सांगितलंत. त्या दुकानदाराला सांगितलंत. आणि मला नाही?”

सूर्यकांत ग्रंथाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. “त्यांना सांगताना मला रडू आलं नाही,” ते म्हणाले. “तुला सांगताना आलं असतं.”

वासंती त्यांच्या शेजारी बसली. मृणाल हळूच उठून पर्स उचलायला लागली, तर तिनं तिला हातानंच थांबवलं आणि खुर्ची जवळ ओढायला लावली. मत्सर काही कुठे पळाला नव्हता. तो तिथेच होता, छातीत. तरी तिनं सूर्यकांतांच्या मांडीवरचा ग्रंथ आपल्याकडे ओढला आणि पहिलं पान उघडलं.

“वर्षभरात येतं का गं सगळं?”

“रोज बसलात तर येईल, काकू.”

“मग रोज ये,” वासंती म्हणाली.