बेओची शपथ

आमच्या ला थुओंग गावात लेकीला सगळं देतात, बेओचं गुपित तेवढं देत नाहीत. बेओ म्हणजे पाण्यावर तरंगणारा बारीक नेचा. थंडीत भातखाचरात सोडला की आयतं खत. पण उन्हाळ्यात तो मरतो, आणि त्याचं बियाणं तगवायची युक्ती आमच्याच गावाकडं. लेक परगावी जाणार, तिला कशाला सांगा? सुनेला मात्र तिसऱ्याच दिवशी देवीपुढं शपथ: माहेरी बोलायचं नाही. मीही घेतली.

नणंद मिएन लग्न होऊन नदीपल्याड निघाली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी वेशीवर तिची पेटी उलटी करून झटकली. फणीचे दातसुद्धा तपासले! आणि मग स्वतःच्या हातानं बियाण्याच्या तळ्यातली चार ओली बदकं आंदण दिली. पिसांना काय चिकटलंय ते कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण नव्या सुनेनं तोंड उघडायचं नसतं.

चार वर्षं तळं मीच सांभाळलं. यंदा ऐन उन्हाळ्यात बाळंत झाले, म्हणून सासरे उतरले. गुपित त्यांना तोंडपाठ, पण हात कधी भिजवला नव्हता. किडीवर राख टोपलीनं ओतायला लागले. मी आतून ओरडले, "मामंजी, चिमूटभर!"

"मला शिकवतेस?"

आठ दिवसांत तळं काळं पडलं. अर्धं गाव आमच्याच बियाण्यावर पेरायचं. म्हातारं जेवेना.

मग बाळाला बघायला मिएन आली, ती कावडीत दोन टोपल्या हिरवागार बेओ घेऊनच.

"कुणी सांगितलं तुला?" सासरे माझ्याकडं बघत गरजले.

"वहिनीनं? ती कसली बोलतेय!" बाळाला मांडीवर घेत मिएन हसली. "तीन उन्हाळे मारत आणला, बा, मूठभरच वाचायचा. चौथ्याला जगला."

म्हातारं नरमलं. "मग आमचा का मेला, तेवढं सांग पोरी. पुढच्या साली पुन्हा मेला तर?"

"ते नाही सांगता यायचं. सासूबाईंनी शपथ घातलीय, माहेरी बोलायचं नाही म्हणून."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "बघ! याला म्हणतात सून."

माझं डोकंच फिरलं. "अहो मामंजी, का मेला ते मला विचारा की! ती राख..."

"गप!" ते माझ्यावर खेकसले. "परकं माणूस बसलंय इथं."

मिएननं बाळ हळूच माझ्याकडं दिलं आणि रिकामी कावड उचलली.