ग्लेनिसबाईंचा झेंडा

आशिलची कंबर धरली ती नेमकी मोसमाच्या शेवटच्या रविवारी. सकाळी बटाट्याचं पोतं उचलायला वाकला, तो तसाच राहिला. दुपारी फुटबॉलचा सामना, आणि फ्रान्समधल्या शांब्रियाक गावाच्या संघाला आता लाइनमन नाही. एवढ्या खालच्या गटात पंच एकटाच येतो. दोन्ही बाजूंच्या रेषांवर झेंडा घेऊन उभं राहायला दोन्ही गावं आपापला माणूस देतात.

"मग तू धर झेंडा," क्लबाचा अध्यक्ष रेमों ग्लेनिसबाईंना म्हणाला.

त्या मैदानाच्या कडेला आपली घडीची खुर्ची उघडत होत्या. हात तसाच थांबला. "मी?"

"तूच. तुला सगळे नियम पाठ आहेत. आमच्या निम्म्या लोकांना चेंडू गोल असतो एवढंच ठाऊक आहे."

"अरे, मी सत्तरीची बाई. धावू कुठं?"

"आशिल कधी धावला? एका जागी उभा राहून सिगरेट ओढतो तो. फक्त एवढं लक्षात ठेव. त्यांचा गडी पुढं गेला की झेंडा वर. आपला गेला की खाली."

सगळे हसले. त्याही हसल्या. बाकावर बसून बुटाची नाडी आवळणारा संघाचा आघाडीचा गडी बास्तियां म्हणाला, "तुम्ही इंग्रजांनीच काढला ना हा खेळ, ग्लेनिसबाई? मग कसली भीती!"

"मी इंग्रज नाही रे. वेल्सची आहे."

"तेच ते!"

हे 'तेच ते' त्या वीसेक वर्षं ऐकत होत्या. नवरा आल्विन निवृत्त झाल्यावर दोघं इथं घर घेऊन आले, तेव्हा आल्विनला फ्रेंच धड येत नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात घरात बसून कंटाळला आणि शिट्टीच्या आवाजामागं चालत मैदानावर येऊन पोचला. तेव्हा मैदान म्हणजे कुरणच होतं. शनिवारपर्यंत गाई चरायच्या, आणि रविवारी सकाळी दोन्ही संघांची पोरं फावडी घेऊन शेण उचलायची. आल्विनला ते इतकं आवडलं की घरी येऊन त्यानं बूटही काढले नव्हते, तसाच स्वयंपाकघरात उभा राहून सांगत सुटला होता. त्यानंतर चारच वर्षांत तो गेला. वेल्सहून नातेवाइकांनी यायचं, तर बोटींचा संप. दफनाच्या दिवशी चर्चच्या दारात ग्लेनिसबाई एकट्या उभ्या होत्या, आणि गल्लीच्या वळणावरून क्लबाची पोरं आली, निळ्या जर्सी घालून. पुढं रेमों. शवपेटी त्यांनीच खांद्यावर घेतली. तेव्हापासून गावचा सामना असेल तिथं ग्लेनिसबाई असायच्याच, मग तो गावात असो की डोंगरापलीकडं.

आणि आज व्हेरन्योलला हरवलं, तर शांब्रियाक वरच्या गटात जाणार होतं. बरोबरी चालणार नव्हती. रेमोंच्या हयातीत हे कधी झालं नव्हतं. त्याला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. बायकोनं, ओदेतनं, समुद्रकाठी रोआयाला बहिणीच्या शेजारचं घर ठरवून टाकलं होतं. मोसम संपला की रेमों अध्यक्षपद सोडणार, हे गावाला माहीत होतं. "वर चढवतो आणि मग जातो," असं तो पाववाल्याच्या दुकानात, टपालात, अगदी दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतसुद्धा सांगत होता.

ग्लेनिसबाईंनी झेंडा घेतला. पिवळा, काठीला चिकटपट्टी गुंडाळलेला.

पलीकडच्या रेषेवर व्हेरन्योलचा लाइनमन होता, तिथला खाटीक, मान अशी की डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. बास्तियांनं पाऊल पुढं टाकलं की याचा झेंडा वर. पंच बहुतेक वेळा बघून न बघितल्यासारखं करायचा. कठड्यावर ओणवून शांब्रियाकची माणसं ओरडत होती.

"अहो खाटीक, झेंडा आहे की माश्या हाकलताय?"

"मांस तोलतानाही असाच हात वर जातो का रे तुझा?"

खाटीक हसून हात हलवायचा. ग्लेनिसबाईंनी एकदा व्हेरन्योलच्या गड्यासाठी झेंडा वर केला, आणि तो खरोखरच ऑफसाइड होता, चेंडू त्याच्याकडं मारला तेव्हा त्याच्यापुढं एकटा गोलरक्षकच उरलेला. मागून टाळ्या पडल्या. "वा, बाई! आशिलला घरीच बसवा!" त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पोरीसारखं वाटलं.

व्हेरन्योलनं आधी गोल केला, शांब्रियाकनं उत्तरार्धात फेडला. एक-एक. मग वेळ निसटू लागला. ओदेत बटाट्याचे काप तळायचे सोडून झारा हातात घेऊनच मैदानाकडेच्या खाण्यापिण्याच्या खोपटातून बाहेर आली. सामना संपायला आला, आणि उजवीकडून चेंडू व्हेरन्योलच्या गोलसमोर आला. व्हेरन्योलचा लाल दाढीवाला बचावपटू त्याच्यावर घसरत गेला, पण पाय पोचला नाही. चेंडू सगळ्यांच्या पुढून सरकत डावीकडं गेला. तिथं शांब्रियाकचा थिबो. थिबोनं तो तसाच तिरका आत मारला, आणि गोलच्या तोंडाशी बास्तियां एकटा. नुसता पाय लावायचा होता. त्यानं लावला.

जाळं हललं. गाव उसळलं. रेमोंनं टोपी हवेत फेकली. पंचानं मध्यरेषेकडं बोट दाखवलं, म्हणजे गोल मान्य.

आणि ग्लेनिसबाईंना दिसलं की आपला हात वर आहे.

त्यांनी तो केला नव्हता. निदान तसं ठरवलं नव्हतं. थिबोनं चेंडू मारला त्या क्षणी बास्तियांच्या पुढं गोलरक्षक सोडून विरुद्ध संघाचा एकही माणूस नव्हता, हे डोळ्यांनी टिपलं आणि हातानं ऐकलं. झेंडा वाऱ्यावर फडफडत होता. तो खाली घ्यावा असं मनात आलं, पण खांदा जणू दुसऱ्या कुणाचा होता.

पंच थांबला. झेंड्याकडं बघितलं, ग्लेनिसबाईंकडं बघितलं, पुन्हा झेंड्याकडं. त्याचा चेहरा विश्वास न बसल्यासारखा झाला. मग त्यानं शिट्टी फुंकली आणि गोल रद्द केला.

ओरडाओरड झाली असती तर बरं झालं असतं. रेमोंची टोपी चिखलात पडली होती, तो ती उचलायलाही वाकला नाही. बास्तियां दोन्ही हात डोक्यावर ठेवून त्यांच्याकडं बघत होता. रागानं नव्हे. घरातलं माणूस भर बाजारात थोबाडीत मारून गेल्यावर बघतो तसं.

सामना एक-एकनं संपला.

खोपटापाशी नेहमीसारखी गर्दी जमली. हरो वा जिंको, दोन्ही संघ, पंच, लाइनमन, सगळे तिथंच पेला घेतात. ग्लेनिसबाईंना घरी पळून जायचं होतं. पण आज पळालं तर पुन्हा इथं येणं व्हायचं नाही, हे त्यांना कळत होतं. त्या गेल्या. माणसं वाट द्यायला जरा जास्तच बाजूला सरकली.

"काय देऊ तुम्हाला?" ओदेत म्हणाली. कालपर्यंत ती 'काय गं, घेतेस का' म्हणायची.

"काही नको."

रेमों कोपऱ्यात उभा होता. त्यानं मान वळवली नाही. ग्लेनिसबाई त्याच्याजवळ गेल्या. "रेमों, तो ऑफसाइड होता. मी दुसरं काय करणार होते?"

"काही नाही," रेमों म्हणाला. "तू खरं तेच केलंस. वेल्समध्ये तसंच करत असतील." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं इंग्लंड न म्हणता वेल्स म्हटलं होतं.

तेवढ्यात पंच पेला घेऊन आला. पोस्टातून निवृत्त झालेला, सरळ माणूस. "बाई, एक सांगू का? मी गोल दिलाच होता. गावोगावच्या लाइनमनचा झेंडा मी फारसा मोजत नाही. सगळेच आपल्या गावासाठी हलवतात. मी निम्मं सोडून देतो. पण स्वतःच्याच गावाविरुद्ध झेंडा वर? इतकी वर्षं शिट्टी फुंकतोय, असं कधी बघितलं नाही. म्हटलं, या बाईंनी नक्कीच काहीतरी बघितलं असणार. म्हणून फिरवला निर्णय."

ग्लेनिसबाईंच्या हातात आधाराला धरायला पेलाही नव्हता. म्हणजे तो झेंडा त्या खाटकानं वर केला असता तर पंचानं ढुंकूनही पाहिलं नसतं. आशिल असता तर झेंडा वर गेलाच नसता, आणि गोल राहिला असता. मैदानावर आज खरा मानला गेलेला झेंडा एकच, आणि तोच गावाला भोवला.

"काय काय बघितलं हो यांनी?" मागून जाड आवाज आला. व्हेरन्योलचा तो लाल दाढीवाला बचावपटू, लोइक. हातात पेला, एका पायाला बर्फाची पिशवी बांधलेली. "मला तर बघितलं नाही ना!"

"म्हणजे?" पंच म्हणाला.

"अहो, मी घसरलो तो थेट गोलरेषेपार गेलो की! गोलखांबाच्या मागं त्या उंच गवतात पडलो होतो. पोटरीत असा गोळा आला, आईची आठवण झाली. पडल्या पडल्या बघतोय, तर गोल, आणि मग झेंडा! म्हटलं, लोइक, पडूनच राहा, डोकं वर काढू नकोस." तो स्वतःच खो खो हसला. मग आजूबाजूला कुणी हसत नाही हे त्याच्या ध्यानात आलं.

ग्लेनिसबाईंना नियम पाठ होता. पंचाला न विचारता जो बचावपटू मैदानाबाहेर गेला, तो गोलरेषेवरच उभा आहे असं धरायचं. म्हणजे बास्तियांच्या पुढं गोलरक्षकाशिवाय आणखी एक माणूस होता. गवतात होता, पण होता.

गोल खरा होता.

आतापर्यंत सगळ्यांनी पाठ फिरवली तरी एक गोष्ट त्यांच्याकडं शिल्लक होती, की आपण खरं केलं. तीही गेली. गावही गेलं आणि खरंही गेलं. पंच पांढराफटक पडला होता. "निकाल आता बदलता येणार नाही," तो पुटपुटला, आणि पेला अर्धाच ठेवून गाडीकडं निघाला.

"रेमों," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "रेमों, मी चुकले. गोल आपला होता."

रेमों हळूहळू वळला. त्यानं त्यांच्याकडं इतका वेळ बघितलं की कुणीतरी घसा खाकरला.

"चुकलीस?" तो म्हणाला. "निव्वळ चुकलीस? आमच्यासारखी?"

"हो."

"अगं ए बये!" रेमों ओरडला, आणि त्याचा चेहरा अचानक लाल झाला. "मला वाटलं, तू मुद्दाम केलंस! वीस वर्षं आमच्यात बसून आम्हाला धडा शिकवायला! अरे, ऐकलंत का? चुकली म्हणे! आशिलनं आमच्याच गड्याला कॉर्नर नाकारला होता तशी चुकली! मी स्वतः नाही का, ऐंशीच्या साली, आपल्याच गोलकीपरला चष्मा काढायला लावला होता!"

"आणि पाच खाल्ले होते!" कुणीतरी ओरडलं.

"सहा!" दुसरा म्हणाला.

बास्तियां पुढं आला, अजून चिखलानं माखलेला. "ग्लेनिसबाई, माझी नातवंडं झाली तरी त्यांना सांगणार आहे मी हे. रोज सांगणार."

त्यांना रडावं की हसावं कळेना. तेवढ्यात रेमोंनं मूठ फळीवर आपटली.

"पण मी असा जाणार नाही! खरा गोल घालवून मी समुद्रावर जाऊन बसू? अजून एक वर्ष. पुढच्या मोसमात वर चढवतो, आणि मग जातो!"

जल्लोष झाला. व्हेरन्योलचा खाटीकसुद्धा टाळ्या वाजवत होता. एकटी ओदेत झारा धरून तळणीपाशीच उभी होती. तिचे डोळे रेमोंवरून फिरत फिरत ग्लेनिसबाईंवर येऊन थांबले. तिनं तळणीखालचा गॅस बंद केला. पाठीमागची गाठ सोडून कमरेचा एप्रन काढला. फळीला वळसा घालून आली, आणि तो तेलकट एप्रन तिनं ग्लेनिसबाईंच्या छातीशी दाबला.

"मी रोआयाला चालले," ती म्हणाली. "हा येईल तेव्हा येईल. बटाटे दोनदा तळायचे असतात, आधी मंद आचेवर. दर रविवारी. चुकलीस तर फोन कर."

आणि खोपटाचं दार उघडं टाकून ती चालू लागली. ग्लेनिसबाई आ वासून बघत राहिल्या, तोवर मागून आवाज आलाच, "बाई, काप संपले की हो!"