फुकटच्या फौजेचा राजा

मित्रांनो, मी एक जुना शत्रू आहे. दचकू नका, माझ्याजवळ तलवार नाही आणि ती उचलायला हातही नाहीत. जुन्या काळातल्या राज्यांचा एक खेळ संगणकावर खेळतात. त्यात तुम्ही नकाशावरचे एक राज्य निवडता आणि त्याची शेती, किल्ले, बंदरे, फौज आणि तह सांभाळता. उरलेली सगळी राज्ये मी चालवतो. तुमच्याशी लढणारा तो संगणकाचा राजा म्हणजे मी. आज माझी हकिगत सांगतो आहे, पण ती ऐटीत सांगण्यासारखी नाही. मला मान असती तर सांगताना ती खालीच राहिली असती.

माझा जन्म एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरील कचेरीत झाला. खाली यंत्रे सुरू झाली की वर टेबलावरचे कप थरथरत. खिडकीजवळच्या टेबलाशी एक तरुण बाई बसायची. तिनेच मला लिहिले. दिवसभर ती पडद्यावर फौजा हलवत असायची, म्हणून कचेरीत सगळे तिला ‘सेनापती’ म्हणत. घरून फोन आला तरी ती म्हणे, “थांब गं आई, एवढा किल्ला पडू दे, मग निघते.”

लहानपणी मी अगदी बावळट होतो. ऐन थंडीत डोंगर ओलांडायला निघे आणि निम्मी फौज वाटेत गारठून मरे. राजधानी उघडी टाकून दूरच्या बेटावर चाल करून जाई. शेजारचे राज्य कोणी गिळत असले तरी मी आपला शांतपणे शेतसारा गोळा करत बसे. फौज एकत्र पाठवायची असते हेही मला कळत नसे. माझ्या तुकड्या एकामागून एक जात आणि एकामागून एक मार खात. खेळ तपासून पाहणारे लोक पोट धरून हसत. “चहा गार व्हायच्या आत हरवला ह्याला!” असे म्हणत. 

“मला थोडा वेळ द्या,” सेनापती म्हणे, “मी त्याला विचार करायला शिकवते.”

पण कचेरीचे साहेब घाईत होते. ते वाईट नव्हते. खेळ बाजारात कधी जातो एवढीच त्यांना काळजी होती. ते म्हणाले, “अहो, विचार शिकवण्यात वर्ष जाईल. कठीण पातळीवर ह्याला धान्य दुप्पट द्या आणि फौज फुकट द्या, ती पोसायचा खर्चच नको. वाटेल तेवढा अवघड होईल.”

“आणि धुकं?” सेनापतीने विचारले. आमच्या नकाशावर ज्या भागात तुमची माणसे पोचलेली नसतात, तो भाग धुक्याने झाकलेला असतो. तिथे कोण दडले आहे हे कोणालाच दिसू नये, असा नियम आहे.

“खेळणाऱ्याला असू दे धुकं. ह्याला नकाशा उघडा ठेवा. खेळणाऱ्याला कुठे कळतंय? सगळ्याच खेळांत चालतं हे.”

सेनापतीने थोडा वाद घातला. मग खुर्ची पुढे ओढली आणि काही ओळी लिहिल्या. दुपारचा चहा येईपर्यंत मी बलाढ्य झालो होतो. अक्कल मात्र होती तेवढीच राहिली.

त्याच सुमारास सेनापतीच्या आईला अर्धांगाचा झटका आला. ही आई शाळेत इतिहास शिकवायची आणि नुकतीच निवृत्त झाली होती. झटका सौम्य होता, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलताना शब्द अडू लागले. बोलणे सुधारावे म्हणून एक उपचार करणारी बाई घरी येई आणि आरशासमोर बसवून आईकडून अक्षरे म्हणवून घेई. डॉक्टरांनी बजावले होते, “ह्यांचं डोकं रिकामं राहू देऊ नका. सतत कामात ठेवा.”

म्हणून सेनापतीने मला घरी नेले. खिडकीशी टेबल लावले, संगणक ठेवला आणि माउस डाव्या हाताला दिला.

“आई, तुझाच विषय आहे. आणि कठीण पातळीवरच खेळ हं. सोपी तुझ्यासाठी नाही.”

हे ती प्रेमानेच म्हणाली. आईबद्दल तिला अभिमान होता, आई कशीही जिंकेल असे तिला वाटले. माझ्या फुकटच्या फौजेबद्दल सांगायचे मात्र तिने टाळले. 

संगणकावरचा कॅमेरा आणि माइक सुरू असत. नवा खेळ खेळताना माणूस कुठे अडतो, कुठे वैतागतो, हे बनवणाऱ्यांना कळावे म्हणून ते सगळे कचेरीत पोचत असे. आईने त्याला हसून परवानगी दिली होती. त्यामुळेच मला तिचा चेहरा दिसे आणि तिचे बोलणे ऐकू येई.

मित्रांनो, तिच्याइतके चांगले माझ्याशी कोणीच खेळले नव्हते. तिने डोंगराळ भागातले एक लहानसे राज्य घेतले. आधी कोठारे भरली, मग रस्ते दुरुस्त केले. मी चालून येणार हे ओळखून तिने एका खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या रानात आपली फौज दडवली आणि समोर मुद्दाम थोडे सैनिक मोकळे ठेवले. डाव्या हाताने तेवढे करायला तिला अख्खी सकाळ लागली. मग ती टेकून बसली आणि माझी वाट पाहू लागली. डोळ्यांत चमक होती.

मी खिंडीच्या तोंडापर्यंत गेलो आणि मागे वळलो. रानातला एकेक सैनिक मला दिसत होता.

“ह्याला... कसं कळलं?” ती पुटपुटली.

पुढे मी तिच्या राजधानीला वेढा घातला. तिने माझ्या वाटेवरची शेते जाळली, रसद तोडली. वेढा घालणारी फौज उपाशी पडली की उठून जाते, हे ती मुलांना जन्मभर शिकवत आली होती. ती थांबली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, माझी फौज जागची हलली नाही. कोठार रिकामे असले तरी माझ्या सैनिकांना भूक लागत नव्हती. शेवटी तिचीच माणसे उपाशी मेली आणि दरवाजे उघडले.

तिने पुन्हा डाव मांडला, पुन्हा हरली. प्रत्येक वेळी नवी युक्ती काढी आणि प्रत्येक वेळी मी न समजता, न शिकता जिंके. मला वाटे, ही आता माझ्यावर चिडेल, मला शिव्या घालेल. पण ती माझ्यावर कधीच चिडली नाही. ती स्वतःकडे संशयाने पाहू लागली. एकदा कपाटातून इतिहासाचे पुस्तक काढून तिने वेढ्यांचे प्रकरण वाचले, ते बरोबरच होते, तरी तिने पुस्तक मिटले आणि कपाटात अगदी मागे सारून ठेवले. 

काही दिवसांनी तिने उपचार करणाऱ्या बाईंना सांगितले, “उद्यापासून... नको.”

“अहो, आत्ता कुठे शब्द मोकळे होतायत. आत्ताच सोडू नका.”

“काय उपयोग? नको.”

मुलीने विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “दमते मी.” सेनापतीला ते आजारपणच वाटले. कचेरीत खेळ तयार करून संपवायची घाई होती. ती घरी जेवायला आणि झोपायला तेवढी येई. 

मग एक दिवस साहेबांनी कचेरीतल्या सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बसवले. कठीण पातळी किती छान जमली आहे ते त्यांना दाखवायचे होते. चाचणीसाठी खेळ ज्या घरांत दिला होता, तिथून आलेल्या चित्रणांवर नावे नसत. त्यांनी त्यातले एक लावले.

“ह्या आजी बघा! सोडायला तयार नाहीत, आणि तरी दर वेळी हरतायत. ह्याला म्हणतात शत्रू!”

टाळ्या पडल्या. मित्रांनो, त्या माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या होत्या. टाळ्या थांबल्यावर पडद्यावरच्या बाईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ती कोणाशी बोलत नव्हती. लुळा हात मांडीवर घेऊन ती स्वतःलाच सांगत होती, “जन्मभर शिकवलं... आणि आता एवढं... कळत नाही. गेलं. माझं डोकं गेलं.”

कोणीतरी धडपडत आवाज बंद केला.

“ती माझी आई आहे,” सेनापती म्हणाली.

खालची यंत्रे तेवढी धडधडत राहिली. साहेब म्हणाले, “अहो, मला काय माहीत...” आणि वाक्य तिथेच सोडले. सेनापतीने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. ती रडली नाही. तिचा चेहरा चपराक बसल्यासारखा झाला होता.

घरी आई खिडकीशी बसली होती. संगणक सुरूच होता, म्हणून पुढचेही मी ऐकले. सेनापती खुर्चीजवळ जमिनीवर बसली.

“आई, तू हरत नव्हतीस.”

“मग?”

“तो लबाडी करत होता. म्हणजे... मीच करायला लावली त्याला.”

आईने तिच्याकडे पाहिले. “खिंडीतली फौज... दिसत होती त्याला?”

“हो.”

“आणि वेढा?”

“त्याला धान्य लागतच नव्हतं. आई, सगळ्याच खेळांत असं करतात गं.”

“कॉपी करणारी मुलं पण... हेच सांगायची.”

सेनापतीने आईचा हात धरला होता. आईने तो हळूच सोडवून घेतला.

“मला वाटलं... मी वेडी झाले.”

“मला विचारायचंस ना गं, आई!”

“कधी? तू घरी... असायचीस?”

त्या संध्याकाळी दोघी एकमेकींशी काहीच बोलल्या नाहीत. आणि मी, सगळ्या नकाशावर सत्ता गाजवणारा, पडद्यावर माझी विजयाची निशाणे फडकवत तसाच उभा होतो. मला ती खाली घेता येत नव्हती.

सकाळी आईनेच हाक मारली. “ये. बस इथे. ह्याला... शिकवू.”

“तू अजून खेळणार ह्याच्याशी?”

“आधी त्याचं फुकटचं... काढून घे.”

सेनापतीने माझे जादा धान्य काढले, फुकटची फौज काढली, नकाशावर धुके ओढले. मी पहिल्यांदाच आंधळ्यासारखा उभा राहिलो आणि आईने मला हां हां म्हणता हरवले. ती खुदकन हसली. मला वाईट वाटले नाही; हरण्यात एवढा हलकेपणा असतो हे मला ठाऊकच नव्हते.

मग धडे सुरू झाले. आई सांगे, मुलगी लिही.

“तुझ्या राजाला... भीतीच नाही. राजा घाबरला पाहिजे. घाबरला की... तो शेजारी शोधतो.”

म्हणून मला भीती शिकवली गेली. एखादे राज्य फार मोठे होऊ लागले की लहान राज्यांनी जुने भांडण विसरून हातमिळवणी करायची, हे मी शिकलो. धान्य मोजूनच कूच करायचे, थंडीच्या आत परतायचे, हेर पाठवून धुक्यापलीकडची खबर आणायची, हेही शिकलो. एकदा केलेली चूक लक्षात ठेवायला शिकलो. हे सगळे सावकाश झाले. कितीतरी वेळा मी नवी विद्या चुकीच्या जागी वापरली आणि स्वतःच्याच मित्रराज्याला घाबरून पळालो. त्या दोघी तेव्हा हसून बेजार होत. घरात पुन्हा बोलणे सुरू झाले ते माझ्या चुकांवरूनच. 

आणि एका दुपारी मी जिंकलो. आईचे राज्य फार पसरले होते. माझी तीन लहान राज्ये एक झाली. दोघांनी तिच्या फौजेला डोंगरात गुंतवून ठेवले आणि तिसऱ्याने तिचे बंदर घेतले. तिची रसद तुटली. तिने पडद्याकडे निरखून पाहिले आणि टेबलावर डावा हात आपटला.

“हरले गं! अगं ए, इकडे ये! हरले मी!”

सेनापती धावत आली. घाबरलीच होती.

“कशी हरले... सांगू?” आईने विचारले. आणि अडखळत, थांबत, बोटाने नकाशा दाखवत तिने पहिल्या चुकीपासून शेवटपर्यंत सगळे सांगितले. मुलगी शेजारी खुर्ची ओढून ऐकत बसली.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. उपचार करणाऱ्या बाई पुन्हा येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की सराव तुटायला नको होता तेव्हाच तो तुटला. काही शब्द परत आले, काही आलेच नाहीत. आईला आपल्या मुलीचे नाव आजही एका दमात म्हणता येत नाही. 

कचेरीत साहेबांनी माझे नवे रूप पाहिले आणि त्यांना ते आवडलेही. पण जुन्या संगणकांवर मला विचार करायला फार वेळ लागे. “लोक इतका वेळ थांबत नाहीत,” ते म्हणाले. शेवटी कठीण पातळीवर माझे लबाड रूपच राहिले. प्रामाणिक रूप ‘समान नियम’ ह्या नावाने यादीच्या तळाशी गेले, तिथवर फारसे कोणी जात नाही. निदान कठीण पातळीखाली खरे काय ते एका ओळीत लिहावे, म्हणून सेनापती भांडली. ती ओळ काही खेळात आली नाही. तिने ती नोकरी सोडली.

खेळ मात्र खपला. “कठीण पातळीवरचा शत्रू भलताच हुशार आहे,” असे लोकांनी लिहिले. ती स्तुती वाचून मला लाज वाटली. आता नवे, देखणे खेळ आले आहेत आणि माझी आठवण फार थोड्यांना आहे. विसरले गेल्याचे मला दुःख नाही. जिथे अजून कोणी मला उघडते, तिथे मी काय करतो, ह्याची मला लाज आहे.

तेव्हा मित्रांनो, एवढे ऐका. मी तुम्हाला त्या पातळीवर हरवले असेल, तर स्वतःला कमी समजू नका. आणि मोठेपणी तुम्ही कोणासाठी खेळ मांडाल, परीक्षा घ्याल, एखादे अवघड काम सोपवाल, तेव्हा अवघड हवे तेवढे करा, पण समोरच्याला नियम आधी सांगा. घरात कोणी आजारातून उठत असेल, तर त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा आणि तो कशाशी झुंजतो आहे ते विचारा.

आत्ताही कुठल्यातरी घरात कोणीतरी रानात फौज दडवून माझी वाट पाहत असेल. मी खिंडीपाशी जाईन आणि मागे वळेन. मग माझा विजय होईल आणि तुतारी वाजेल. ती बंद करणे माझ्या हातात नाही.