खळ्यावरच्या बाईचं तोंड

तिसरा पिक्चर सुरू झाला तेव्हा पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मी दुसरीपर्यंतच शिकलेय, पण तेवढं वाचता येतं. ‘सत्य घटनेवर आधारित.’ ती घटना मीच ओमकारला सांगितली होती.

ओमकार माझ्या मुलीचा मुलगा. खोपोलीची नोकरी सोडून स्वतःच्या कॅमेऱ्यावर भुताखेतांचे छोटे पिक्चर काढतो. श्रावणातल्या रविवारी दुपारी चारला समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्री बांधून त्याने ते गावाला फुकट दाखवले. पहिले दोन शहरातले. एकात आरशात बाई, दुसऱ्यात लिफ्टमध्ये. आमच्या गावात लिफ्टच नाही, त्यामुळे लोक पोट धरून हसले.

तिसरा मात्र आमच्याच खळ्यावर घेतलेला. आई मळणीत, तान्हं पोर झोळीत. पेंढ्यामागून केस सोडलेली भुताळी, करणी करणारी बाई, येते, पोराच्या कपाळावर हात ठेवते. संध्याकाळपर्यंत पोर गार. चाळीस वर्षं मी हे सांगत आलेय. ते पोर माझं, पहिलं. बाई डोळ्यांनी पाहिली म्हणायचे, आणि माझ्या शब्दाला गावात कोणी फाटे फोडत नाही.

इतकी वर्षं त्या बाईला तोंड नव्हतं. ओमकारने तिला भागीचं दिलं.

भागी डोंगरावरच्या आदिवासी वाडीवरची, आमच्याकडे लावणीला, मळणीला येते. ओमकारने आधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, भुताळीचं सोंग घ्यायला मी काय रस्त्यावर पडलेय? भागीला घे, केस लांब आहेत. तिच्या तोंडाला तांदळाचं पीठही मीच फासलं. आज ती दाराजवळ बसली होती, लग्नातलं लुगडं नेसून.

पडद्यावर तिचा हात पोराच्या कपाळाला लागला आणि माझ्यापुढे बसलेल्या सुप्रियाने, आमच्या भावकीतल्या जगदीशच्या बायकोने, आपलं पोर पदराखाली ओढलं. त्याला आठवडाभर ताप येत-जात होता. मागच्या रविवारी भागी करटोल्यांची रानभाजी घेऊन त्यांच्या दारात आली होती आणि तिने पोराला उचलून घेतलं होतं. सुप्रियाने हे शेजारणीच्या कानात सांगितलं, शेजारणीने मागे. ओळीओळीने माना दाराकडे वळल्या. भागीजवळच्या बायका सतरंजीवरून सरकल्या, हातभर जागा मोकळी झाली.

पिक्चर संपला तरी टाळी नाही. जगदीश उठला आणि त्याने दाराला आतून कडी घातली.

“ओमकार, खरं हाय ना रं हे? तूच लिवलंय.”

ओमकार चाचरत म्हणाला की असं सगळेच लिहितात, ही नुसती गोष्ट आहे. जगदीश म्हणाला, गोष्ट कशी, काकीने स्वतः बघितलंय. मग त्याने भागीला विचारलं, माझ्या पोराला काय केलंस. भागी त्याच्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी उठले. “कडी काढ, जगदीश. खळ्यावर कोणी आलंच नव्हतं.”

“काकी, तुमी तिला वाचवायला बोलताय. मग पोर गेलं कशानं?”

“तापानं. तीन दिवस अंग फणफणत होतं. सासूबाय म्हणाल्या, कर्जतला दवाखान्यात ने. मी म्हटलं, दात येतायत, मला शिकवू नका. मळणी टाकून गेले नाय मी. मग लोकांना कायतरी सांगायला पायजे होतं, म्हणून ती बाई काढली.”

दुसऱ्या ओळीत माझा मुलगा नवनाथ बसला होता. त्यालाही हे ठाऊक नव्हतं. त्याने मान खाली घातली.

“तुझं पोर आठ दिवस तापतंय,” मी जगदीशला म्हटलं, “आणि तू कडी लावत बसलायस.”

तो काही बोलायच्या आत सुप्रिया उठली. पोर खांद्यावर टाकलं, नवऱ्याला बाजूला सारून कडी काढली आणि बाहेर पडली. जगदीश अनवाणीच तिच्यामागे धावला.

दारातून उजेड आत आला. सरकलेल्या बायका काही परत जवळ सरकल्या नाहीत. त्या हातभर जागेत मी जाऊन बसले. ओमकारने विचारलं, “आजी, ती ‘सत्य घटने’ची पाटी काढू?”

“काढ. आणि पिक्चर परत लाव. भागीने नीट बघितला नाय.”

“मला नाय बगायचा,” भागी म्हणाली आणि उठली.

मीही उठले. मागच्या वाटेने कोणी पाहिलं नसतं, पण मी तिला गावाच्या मधून नेलं. लोक ओट्यांवरून बघत होते. वाडीच्या पायवाटेशी ती थांबली.

“आजीबाय, मी लग्नाचं लुगडं नेसले व्हते आज,” एवढंच म्हणाली, आणि वर चढून गेली.